फॅट्स जेंकिन्स यांचे उन्हाळे: कूपर्सटाऊनच्या निवड समितीस खुले पत्र

प्रति,
क्लासिक बेसबॉल युग समितीचे सदस्य आणि या समितीसाठी उमेदवारांची यादी ठरवणारे इतिहासकार,
राष्ट्रीय बेसबॉल हॉल ऑफ फेम,
कूपर्सटाऊन, न्यूयॉर्क

विषय: क्लॅरेन्स ‘फॅट्स’ जेंकिन्स यांच्या नावाचा डिसेंबर २०२७ च्या मतपत्रिकेसाठी विचार व्हावा, याबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. गेली बावीस वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि या राज्यातल्या अनेक मराठी घरांप्रमाणे आमच्याही घरात वर्षाचे दोन भाग पडलेले आहेत: नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बास्केटबॉल आणि एप्रिलपासून पुढे बेसबॉल. माझी दोन्ही मुले हे दोन्ही खेळ खेळत मोठी झाली. मी क्रिकेट पाहत वाढलेला माणूस, त्यामुळे बेसबॉलची गुणपत्रिका लिहायला मुलांकडूनच शिकलो. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. तरीही पत्र मराठीत खुले ठेवतो आहे, कारण ज्या माणसाबद्दल ते आहे त्याचे नाव माझ्या भाषेतल्या वाचकांनाही ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते, आणि इथे वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आईवडिलांनी ही मागणी वाचावी अशीही माझी इच्छा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही एकाच सहलीत स्प्रिंगफील्डचे बास्केटबॉल हॉल ऑफ फेम आणि आपले बेसबॉल हॉल ऑफ फेम अशी दोन्ही ठिकाणे पाहिली. मोटारीने दोन्हींमध्ये अडीच-तीन तासांचे अंतर आहे. स्प्रिंगफील्डच्या घुमटाखाली सन्मानितांच्या प्रतिमांची जी वर्तुळाकार रांग आहे, तिथे २०२१ साली निवडले गेलेले क्लॅरेन्स जेंकिन्स यांचे नाव मी मुलीला शोधायला लावले. दुसऱ्या दिवशी कूपर्सटाऊनच्या दालनात, ब्राँझच्या फलकांच्या ओळींसमोर उभी राहून तिने सहज विचारले, की ते इथे कुठे आहेत. इथे नाहीत, असे मी सांगितले. तेव्हा ती म्हणाली, “पण ते तर बेसबॉलही तितकीच वर्षे खेळले ना?” या प्रश्नाचे नीट उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. परत आल्यावर मी वाचत गेलो, आणि त्या वाचनातून हे पत्र लिहावेसे वाटले.

जेंकिन्स यांचा जन्म १८९८ साली न्यूयॉर्क शहरात झाला. ‘फॅट्स’ या टोपणनावावरून कोणाच्या डोळ्यांसमोर जड शरीराचा माणूस उभा राहत असेल तर तो गैरसमज आहे. साधारण साडेपाच फुटांच्या थोडे वर उंची असलेले हे डावखुरे खेळाडू दोन्ही खेळांत ओळखले गेले ते त्यांच्या पळण्यासाठी. हार्लेममध्ये त्या काळी बास्केटबॉल चर्चच्या तळघरांतून आणि क्लबांतून वाढत होता. सेंट फिलिप्स एपिस्कोपल चर्चशी जोडलेल्या सेंट ख्रिस्तोफर क्लबकडून जेंकिन्स खेळू लागले आणि पुढे १९२२ च्या सुमारास मॅकमॅहन बंधूंच्या कॉमनवेल्थ बिग फाइव्ह या व्यावसायिक संघात गेले. हे मॅकमॅहन बंधू म्हणजे १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिंकन जायंट्स हा कृष्णवर्णीय बेसबॉल संघ उभा करणारेच दोघे भाऊ होत. दोन्ही खेळांतले प्रवर्तक, मैदाने, प्रेक्षक आणि पुष्कळदा खेळाडूही त्या शहरात एकच होते, एवढे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

कॉमनवेल्थ संघ बंद पडला आणि जेंकिन्स न्यूयॉर्क रेनेसान्स या संघात आले. या संघाचे संस्थापक बॉब डग्लस हे कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरून आलेले होते. हार्लेममध्ये रेनेसान्स नावाचे नृत्यगृह नव्याने उभे राहिले होते. संघाला त्या नृत्यगृहाचे नाव द्यायचे आणि त्या बदल्यात तिथे खेळायला जागा मिळवायची, असा साधा व्यवहार डग्लस यांनी केला आणि ३ नोव्हेंबर १९२३ रोजी रेन्स या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला संघ पहिला सामना खेळला. नाचासाठी गुळगुळीत केलेल्या लाकडी जमिनीवर सामना होई आणि सामना संपला की त्याच जमिनीवर वाद्यवृंद वाजू लागे. १९२५ साली अमेरिकन बास्केटबॉल लीग स्थापन झाली, पण रेन्सना तिच्यात प्रवेश मिळाला नाही, कारण संघ कृष्णवर्णीयांचा होता. त्यामुळे गावोगाव फिरून, जो समोर येईल त्याच्याशी खेळून पोट भरणे हाच त्यांच्यापुढचा मार्ग होता.

जेंकिन्स या संघाचे कर्णधार झाले आणि दीर्घ काळ राहिले. त्यांचे काम समजून घ्यायचे तर त्या वेळचा नियम लक्षात घ्यावा लागतो. १९३७ पर्यंत प्रत्येक गोलानंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यभागी आणून दोन खेळाडूंमध्ये उंच उडवला जाई. चार्ल्स ‘टारझन’ कूपर यांच्यासारखा उंच ‘सेंटर’, म्हणजे मध्यभागी खेळणारा खेळाडू, ती उडी जिंके आणि चेंडू नेमका कुठे पडणार हे आधीच ताडून धावत सुटलेल्या जेंकिन्स यांच्या हाती तो येई. चेंडूलाही तेव्हा चामड्याच्या वादीने बांधलेली शिवण असे. तो आपटत नेणे बेभरवशाचे, म्हणून रेन्स चेंडू जमिनीला लागू न देता हातोहात फिरवत. अशा खेळात पाच माणसांनी एकमेकांच्या मनातले ओळखावे लागते, आणि तो ताल धरून ठेवण्याची जबाबदारी कर्णधारावर असते.

आता १९३३ हे एकच वर्ष घ्यावे, अशी माझी समितीला विनंती आहे. १ जानेवारीपासून २७ मार्चपर्यंतच्या शहाऐंशी दिवसांत रेन्सनी लागोपाठ ८८ सामने जिंकले. जेंकिन्स, बिल यान्सी, जॉन होल्ट, जेम्स ‘पॅपी’ रिक्स, आयर सेच, कूपर आणि ‘वी’ विली स्मिथ अशा सात जणांनी ही मालिका खेळली. बदली खेळाडूंची फळी असा प्रकार नव्हता. इंडियानापोलिससारख्या एखाद्या शहरात, जिथे कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहायला जागा मिळे, तिथे मुक्काम ठेवायचा, बसने शे-दोनशे मैल जायचे, सामना खेळायचा आणि रात्रीच परत फिरायचे, कारण ज्या गावातले लोक तिकिटे काढून त्यांचा खेळ पाहायला गर्दी करत त्याच गावातली हॉटेले त्यांना खोली देत नसत आणि खानावळी जेवायला वाढत नसत. कित्येकदा दुकानातून पाव आणि थंड मांस विकत घेऊन बसमध्येच जेवण होई. ठरलेली रक्कम हाती पडल्याशिवाय व्यवस्थापक संघाला मैदानात उतरू देत नसत, कारण सामना संपल्यावर पैसे बुडवणारे आयोजक त्यांना ठाऊक होते. ही मालिका अखेर ओरिजिनल सेल्टिक्स या गोऱ्या खेळाडूंच्या मातब्बर संघाने तोडली.

जेंकिन्स तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. मालिका मार्चअखेर संपली आणि काही आठवड्यांतच ते न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज संघाकडून बेसबॉल खेळत होते. त्याच वर्षी १० सप्टेंबरला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये निग्रो लीगमधल्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बेसबॉल लीगमधल्या, निवडक खेळाडूंचा पहिला पूर्व-पश्चिम सामना झाला. खेळाडूंची निवड वाचकांनी वृत्तपत्रांतून मते पाठवून केली होती. त्या सामन्यासाठी पूर्वेच्या संघात ऑस्कर चार्ल्स्टन, कूल पापा बेल, जॉश गिब्सन, बिझ मॅकी, ज्युडी जॉन्सन यांच्या बरोबरीने फॅट्स जेंकिन्स हेही होते. पावसाचे सावट असतानाही सुमारे वीस हजार लोक आले होते आणि पश्चिमेने तो सामना ११-७ असा जिंकला. म्हणजे एकाच वर्षी, एकाच शरीराने, एका खेळातल्या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या विजयमालिकेचे नेतृत्व केले आणि दुसऱ्या खेळातल्या सर्वोत्तमांच्या पंक्तीतही स्थान मिळवले. असे दुसरे वर्ष अमेरिकेतल्या कोणत्या व्यावसायिक खेळाडूच्या वाट्याला आले, याचा मी शोध घेतो आहे. अद्याप मला कोणी सापडलेले नाही.

बेसबॉल हा जेंकिन्स यांचा फावल्या वेळचा उद्योग होता असे कोणी मानत असेल, तर त्यांची बेसबॉलची कारकीर्द १९२० ते १९४० अशी दोन दशकांची आहे याकडे मी लक्ष वेधतो. लिंकन जायंट्स, हॅरिसबर्ग जायंट्स, अटलांटिक सिटीचे बॅखरॅच जायंट्स, ब्लॅक यँकीज, ब्रुकलिन ईगल्स, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि अखेरीस फिलाडेल्फिया स्टार्स असा त्यांचा प्रवास झाला. लेफ्ट फील्ड, म्हणजे डावीकडचे सीमेजवळचे क्षेत्ररक्षण, ही त्यांची जागा आणि डावात सर्वप्रथम फलंदाजीला येऊन कसेही करून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोहोचणे हे त्यांचे काम. एवढ्या वर्षांनंतरही त्यांची फलंदाजीची सरासरी ०.३०० च्या वर राहिली. चेंडू मैदानाबाहेर फेकणारे ते फलंदाज नव्हते, हे मी मान्य करतो. पण क्रिकेट पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, की सलामीला येऊन टिकणारा, एकेरी-दुहेरी चोरणारा आणि समोरच्या क्षेत्ररक्षकांची झोप उडवणारा खेळाडू संघाला काय देतो.

यांतली हॅरिसबर्गची वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीच्या पात्रातल्या बेटावर त्यांचे मैदान होते; त्या बेटावर आजही व्यावसायिक बेसबॉल खेळला जातो. १९२४ ते १९२७ या काळात त्या मैदानावर डावीकडे जेंकिन्स, मध्ये चार्ल्स्टन आणि उजवीकडे रॅप डिक्सन असे तिघे उभे राहत. निग्रो लीगच्या इतिहासातल्या उत्कृष्ट आउटफील्डची, म्हणजे दूरच्या तीन क्षेत्ररक्षकांच्या फळीची, चर्चा निघाली की या तिघांचा उल्लेख होतोच. या संघाने ईस्टर्न कलर्ड लीगचे विजेतेपद कधी पटकावले नाही, कारण गोलंदाजीत तो हिल्डेल आणि बॅखरॅच या संघांच्या तोडीचा नव्हता. चार्ल्स्टन १९७६ पासून आपल्या दालनात आहेत. डिक्सन नाहीत, आणि त्यांच्यासाठीही कोणी तरी असेच पत्र लिहावे. मी आज जेंकिन्स यांच्यापुरते बोलतो आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्या लीगमधले आकडे अधिकृत नोंदवहीत सामील केले. २,३०० हून अधिक खेळाडूंची नावे त्यामुळे आत आली, आणि जॉश गिब्सन ०.३७२ या फलंदाजीच्या सरासरीने आजवर अग्रस्थानी असलेल्या टाय कॉब यांच्या पुढे गेले. न्यायाला फार उशीर झाला होता, तरी ही घटना मोठी आहे आणि तिच्यामागे दशकानुदशके जुनी वृत्तपत्रे चाळणाऱ्या संशोधकांचे कष्ट आहेत. मात्र या नोंदवहीत फक्त मान्यताप्राप्त लीगमधले सामने मोजले जातात, आणि तेही त्या वेळी सुमारे पंचाहत्तर टक्केच पूर्ण होते. जेंकिन्स यांच्या बाबतीत ही मर्यादा फार जाचक ठरते. १९२३ मध्ये हॅरिसबर्ग संघ लीगबाहेर स्वतंत्रपणे खेळत होता. १९३० मध्ये पूर्वेकडे लीगच नव्हती आणि लिंकन जायंट्स स्वतंत्र होते. पुढे ब्लॅक यँकीज निग्रो नॅशनल लीगमध्ये आले ते १९३६ मध्ये, म्हणजे जेंकिन्स यांनी या संघाकडून गाजवलेली त्या आधीची वर्षे, अगदी १९३३ चे वर्षसुद्धा, लीगच्या तक्त्यात उमटत नाहीत. ज्या वर्षी लोकांनी मते देऊन त्यांना पूर्वेच्या संघात पाठवले, त्या वर्षी अधिकृत नोंदीच्या दृष्टीने त्यांनी लीगमध्ये खेळ केलाच नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे.

स्प्रिंगफील्डने ही अडचण निराळ्या रीतीने सोडवली. रेन्स कोणत्याच मोठ्या लीगमध्ये नव्हते, त्यामुळे लीगचा तक्ता मागण्याची सोयच नव्हती. तिथल्या लोकांनी वृत्तपत्रांतले वृत्तांत, प्रतिस्पर्ध्यांच्या साक्षी आणि सामन्यांची उपलब्ध मोजदाद पाहून १९६३ मध्ये संपूर्ण संघाला सन्मान दिला, १९७२ मध्ये डग्लस यांना, १९७७ मध्ये कूपर यांना, आणि बऱ्याच विलंबाने का होईना, २०२१ मध्ये जेंकिन्स यांना. तोवर जेंकिन्स यांना जाऊन पन्नासहून अधिक वर्षे उलटली होती. १९६८ साली फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. पुराव्याचे स्वरूप बदलले म्हणून निकष सैल होत नाही, एवढे स्प्रिंगफील्डच्या अनुभवावरून दिसते. आपल्या संस्थेनेही २००६ मध्ये विशेष समिती नेमून सतरा जणांना याच प्रकारच्या संशोधनावर निवडले होते, आणि डिसेंबर २०२१ मध्ये कृष्णवर्णीय बेसबॉलमधल्या बड फाउलर व बक ओ’नील यांची निवड केली, त्या दोघांचेही मोठेपण केवळ तक्त्यात मावणारे नव्हते.

दोन खेळ खेळणे ही या माणसांची हौस होती, असे आजच्या डोळ्यांनी पाहिले तर वाटू शकते. वास्तविक त्यामागे पोटाचा प्रश्न होता. कृष्णवर्णीय बेसबॉल संघ मोसमापुरताच पगार देत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोसम संपला की काही खेळाडू क्युबाला जात, काही कॅलिफोर्नियाच्या हिवाळी लीगमध्ये, आणि ज्यांच्या पायात वेग व हातात चेंडू पकडण्याची नजर होती असे न्यूयॉर्ककडचे काही जण बास्केटबॉलकडे वळत. बिल यान्सी हे रेन्सच्या सात जणांपैकी एक, आणि उन्हाळ्यात लिंकन जायंट्स व ब्लॅक यँकीजचे शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधले क्षेत्ररक्षक. जॉर्ज फायल हे रेन्सकडून खेळत आणि हॅरिसबर्गला जेंकिन्स यांच्याबरोबर बेसबॉलही खेळत. झॅक क्लेटन हे फर्स्ट बेस सांभाळत आणि रेन्सकडून बास्केटबॉल खेळत. त्यांना पुढे बास्केटबॉलने २०१७ मध्ये सन्मानित केले, आणि मुष्टियुद्धाच्या चाहत्यांना ते १९७४ साली किन्शासात झालेल्या मोहम्मद अली व जॉर्ज फोरमन यांच्या लढतीचे पंच म्हणून ठाऊक असतील. मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणारे जॅकी रॉबिन्सन यांनीसुद्धा ब्रुकलिनच्या संघात येण्याच्या थोडेच आधी लॉस एंजेलिसच्या एका व्यावसायिक संघाकडून बास्केटबॉल खेळला होता. पुढच्या काळात जीन कॉन्ली या गोऱ्या खेळाडूने १९५७ मध्ये बेसबॉलची जागतिक मालिका आणि नंतर तीन वेळा एनबीएचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यांचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण त्यांच्या तीस वर्षे आधी याच दुहेरी वाटेवरून चालणाऱ्यांची नावे मात्र दोन वेगवेगळ्या कपाटांत वाटली गेली, आणि प्रत्येक कपाटात त्यांची कारकीर्द अर्धीच दिसत राहिली.

या दुहेरी जीवनाची किंमतही बेसबॉलनेच मोजली, हे समितीने लक्षात घ्यावे असे मला वाटते. रेन्सचा मोसम मार्चच्या अखेरीपर्यंत चाले. बाकीचे बेसबॉलपटू दक्षिणेकडच्या उबदार गावांत सरावाला जात तेव्हा जेंकिन्स थंडीत बसने फिरत रोज रात्री, क्वचित दिवसातून दोनदा, बास्केटबॉल खेळत असत, आणि विश्रांती न घेता थेट बेसबॉलच्या मोसमात उतरत. अशी वर्षामागून वर्षे काढूनही चाळिशीपर्यंत पायांतला वेग टिकवणाऱ्या माणसाची सरासरी जेव्हा आपण विश्रांती घेतलेल्या माणसाच्या सरासरीशी ताडून पाहतो, तेव्हा दोन आकडे सारखे दिसले तरी त्यांच्यामागचे श्रम सारखे नसतात.

आपल्या दालनात दोन्ही हॉलमध्ये स्थान असलेले एक नाव आहे, कंबरलंड पोझी. पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडचे पोझी हे लोएंडी बिग फाइव्ह या बास्केटबॉल संघाचे आधारस्तंभ, आणि होमस्टेड ग्रेज या बेसबॉल संघाचे खेळाडू, व्यवस्थापक व पुढे मालक. आपण त्यांना २००६ मध्ये निवडले आणि स्प्रिंगफील्डने २०१६ मध्ये. दोन्ही ठिकाणी सन्मान मिळालेले ते एकमेव गृहस्थ आहेत. परंतु कूपर्सटाऊनमध्ये त्यांची निवड संघचालक म्हणून झालेली आहे. दोन्ही खेळांत खेळाडू म्हणून निवडला गेलेला आजवर कोणीही नाही. हा मान ज्याला मिळावा असा माणूस शोधायला निघालो तर पहिले नाव क्लॅरेन्स जेंकिन्स यांचेच येते, आणि बेसबॉलच्या बाजूने ते नाव पुढे आणणे केवळ आपल्याच हातात आहे.

माझ्यावर आक्षेप घेतला जाईल, की बास्केटबॉलमधली कामगिरी बेसबॉलच्या फलकासाठी मोजता येत नाही. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. ८८ सामन्यांची मालिका बेसबॉलच्या गुणांत जमा करा, असे मी म्हणत नाही. दोन दशकांची बेसबॉल कारकीर्द, हॅरिसबर्गचे ते आउटफील्ड, पूर्व-पश्चिम सामन्यासाठीची निवड आणि स्वतंत्र संघांकडून खेळलेल्या सामन्यांचे उपलब्ध तपशील, एवढ्यावरच त्यांना तोलावे. फक्त ते तोलताना, आकड्यांतल्या रिकाम्या जागा त्यांच्या उणिवा नसून लीगच्या आणि वर्णभेदाच्या खुणा आहेत, ही जाण असावी. दुसरा आक्षेप असा, की निग्रो लीगमधले याहून थोर खेळाडू अद्याप बाहेर आहेत. डिसेंबर २०२४ च्या मतपत्रिकेवर जॉन डोनाल्डसन आणि व्हिक हॅरिस यांची नावे होती आणि दोघांनाही पुरेशी मते पडली नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यांची निवड व्हावी अशी माझीही इच्छा आहे. पण आठ नावांची एक मतपत्रिका, तीही तीन वर्षांतून एकदा, आणि तिच्यात १९८० पूर्वीच्या साऱ्या मेजर लीग खेळाडूंच्या बरोबरीने निग्रो लीगच्या खेळाडूंनी जागा मागायची, अशी ही रचना आहे. समितीच्या सोळा सदस्यांपैकी बारांची मते मिळणे ही नंतरची गोष्ट. आधी नाव मतपत्रिकेवर यायला हवे, आणि ते ठरवणारे इतिहासकार हेच या पत्राचे पहिले वाचक व्हावेत असे मला वाटते.

सातारकर माणसाने हार्लेमच्या खेळाडूसाठी इतके का झटावे, असे कोणाला वाटेल. आमच्या महाराष्ट्रात पळवणकर बाळू नावाचे डावखुरे गोलंदाज होऊन गेले. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. पुण्याच्या मैदानावर ज्या संघासाठी ते घाम गाळत, त्या संघातले खेळाडू मंडपात बसून चहा घेत आणि बाळूंना मात्र त्यांच्या जातीमुळे बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांचे नाव कित्येक वर्षे आमच्याच लोकांच्या विस्मृतीत गेले होते; ते पुन्हा वर आणायला चिकाटीने कागद शोधणारी माणसे लागली. रेन्सच्या बसमधल्या पाव-मांसाच्या जेवणाबद्दल वाचताना मला बाळूंचा तो चहा आठवला, आणि त्यानंतर हा विषय मला परका राहिला नाही.

म्हणून आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. डिसेंबर २०२७ च्या मतपत्रिकेची प्राथमिक यादी तयार करताना क्लॅरेन्स जेंकिन्स यांच्या नावाची स्वतंत्र छाननी व्हावी. ती करताना लीगच्या अधिकृत आकड्यांसोबत, लीगबाहेर स्वतंत्र संघांकडून खेळलेल्या सामन्यांचे संशोधकांनी जमवलेले तपशील सदस्यांसमोर ठेवावेत. आणि त्यांच्या कारकिर्दीचे जे टिपण सदस्यांना दिले जाईल, त्यात प्रत्येक बेसबॉल मोसमाशेजारी त्या हिवाळ्यातल्या रेन्सच्या सामन्यांच्या तारखाही लिहाव्यात, म्हणजे हा माणूस बारा महिन्यांत किती आठवडे विसावला हे वाचणाऱ्याला दिसेल.

आमच्या घरापासून पॅटरसनचे हिंचलिफ मैदान फार दूर नाही. पॅसेइक नदीच्या धबधब्याला लागून असलेले हे मैदान १९३३ पासून ब्लॅक यँकीजचे घर होते. कित्येक वर्षे ते पडीक अवस्थेत राहिले आणि दुरुस्त होऊन २०२३ मध्ये पुन्हा उघडले. पॅटरसनचेच बेसबॉलपटू लॅरी डोबी या मैदानावर खेळत मोठे झाले, आणि त्यांनीही व्यावसायिक बास्केटबॉल खेळला होता. गेल्या मे महिन्यात मी मुलीला तिथे घेऊन गेलो. लेफ्ट फील्डच्या गवतावर ती बराच वेळ उभी राहिली, आणि परतताना तिने मला विचारले की पत्र कधी पाठवणार. ते आज पाठवतो आहे. आपल्या उत्तराची आम्ही दोघेही वाट पाहू.

आपला नम्र,
न्यू जर्सीतील एक मराठी पालक